पेटीची आतली बाजू

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या मुठीत तीन पिढ्यांच्या तळहातांचा घाम मुरला आहे, एवढे पुरे. स्वीडनमधल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत, सुतारकामाच्या खोलीत, सरसाच्या डब्यांशेजारी माझा मुक्काम असतो. आणि आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेलो आहे. दहा वर्षांची एकवीस मुले आणि माझ्यासारखे धारदार पाते यांना एका खोलीत कोंडणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला आजवर सुचलेले नाही.

एका सुताराने मला बीच नावाच्या झाडाच्या टणक लाकडातून स्वतःच्या हातांनी घडवले. त्याच्या दुकानात मी दारे केली, खिडक्या केल्या, पाळणे केले. माझ्या पात्याखालून तलम सालपटे निघत आणि जमिनीवर त्यांचा ढीग होई. गिऱ्हाईक फळीवरून हात फिरवून म्हणे, "काचेसारखी झालीय हो!" हा एक शब्द ऐकण्यासाठी मी दिवसभर राबायला तयार असे. खोटे कशाला बोलू, कौतुकाची मला फार हाव होती. पुढे यंत्रे आली, म्हातारा गेला आणि त्याच्या मुलीने त्याची सगळी हत्यारे शाळेला देऊन टाकली. शाळेने माझे काय केले? तीन वर्षे मला दाराला अडकण म्हणून ठेवले. तीन वर्षे, मित्रांनो! येणारा-जाणारा मला लाथ मारून पुढे सरकवत असे.

तिथून मला सोडवले टोर्स्टेनने. टोर्स्टेन हा सुतारकामाचा शिक्षक. माणूस भला, हात कसबी, पण स्वभाव असा की कुणाचेही मन दुखावले तर याला जेवण जात नाही. दरवर्षी मार्चच्या शेवटी, अंगणातला बर्फ वितळून चिखल झाला की शाळेत एक आठवडा असा येतो, जेव्हा वह्या-पुस्तके बंद होतात आणि सगळे हातांनी शिकायचे असते. दुसरीची मुले कणीक मळून पाव आणि अर्धा शिकतात, पहिलीची मुले पावले टाकून व्हरांडा मोजतात, आणि चौथीची मुले माझ्याकडे येतात. का येतात, कोण जाणे.

"या आठवड्यात आपण मैनांसाठी पेटी करायची," सोमवारी सकाळी टोर्स्टेन म्हणाला. "सगळ्यांनी मिळून एक. कुणी नुसतं बघत बसायचं नाही."

काळ्या, ठिपक्याठिपक्यांच्या आणि उन्हात तेलकट चमकणाऱ्या या मैना एप्रिलमध्ये दक्षिणेकडून येतात आणि झाडाला टांगलेल्या लाकडी पेटीत अंडी घालतात. त्या यायच्या आत पेटी झाडावर हवी.

"टोर्स्टेन, प्रत्येकाला किती वेळा रंधा मारायला मिळणार?" विदारने विचारले. हा पोरगा मला टेबलावरून मोटारीसारखा पळवतो. वर तोंडाने आवाजही काढतो.

"दहा वेळा."

"मोजणार कोण?"

"रांगेतला पुढचा."

"आणि त्यानं मुद्दाम चुकीचं मोजलं तर?"

"तर त्याच्या पुढचा सांगेल."

यावर वीस मिनिटे चर्चा झाली. वीस मिनिटे! तेवढ्या वेळात माझ्या म्हाताऱ्याने खिडकीची चौकट उभी केली असती. शेवटी आडनावांच्या क्रमाने यादी झाली आणि भिंतीवर लागली. यादीत सगळ्यात शेवटी मायकेन ओबेर्ग. तिच्या आडनावाचे पहिले अक्षर यांच्या मुळाक्षरांत शेवटचे आहे, म्हणून बालवाडीपासून ती प्रत्येक रांगेत शेवटचीच.

मायकेनने यादीकडे पाहिलेसुद्धा नाही. ती म्हणाली, "टोर्स्टेन, यावर्षी पिल्लं उडताना मी बघणार. सगळी."

"मागच्या वर्षी उडालीच की चार," विदार म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवले. चार पिल्ले, खाली रंगीत अक्षरांत 'आमची उडाली!'

"कुणी बघितली?"

"सगळ्यांनी!"

"तू बघितलीस?"

विदारने बोट खाली घेतले. खरे तर कुणीच पाहिली नव्हती. मागच्या जूनमध्ये तीन दिवस सुटी होती. सुटीआधी पेटीतून चिवचिवाट येत होता आणि सुटीनंतर पेटी गप्प होती. उडून गेली असतील म्हणून सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्ले. मायकेनने मात्र वर्षभर हे मनात धरून ठेवले होते. यावर्षीची पिल्ले पेटीतून बाहेर पडलेली तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती, बाकी काही नको होते.

ती मागच्या वर्षीची पेटी म्हणजे शाळेतले माझे सर्वांत देखणे काम होते. तेव्हा ही मुले तिसरीत होती. फळीची बाहेरची बाजू बारा जणांत गुळगुळीत होऊन गेली आणि नऊ जणांची पाळी राहिली. मायकेन कोट टांगायच्या खुंट्यांखाली बसून रडू लागली, की मी नेहमी शेवटची आणि मला कधीच काही मिळत नाही. टोर्स्टेनच्याने ते पाहवेना. त्याने फळी उलटी केली आणि उरलेल्या नऊ जणांना आतली बाजू दिली. मग काय विचारता! आतून, बाहेरून, काच! मी आठवडाभर फुशारत होतो.

मंगळवारी माझे हाल झाले. लाकडाला रेषा असतात, त्यांच्या दिशेने रंधा मारायचा असतो, हे टोर्स्टेनने चार वेळा सांगितले. पाचव्या मिनिटाला विदारने पाळी नसतानाच मला हिसकावून उलट्या दिशेने रेटले आणि फळीचा लचका काढला. एकाने माझ्या पाठीवर हातोडी घासली. एकीने मला तळावर उभे ठेवले, म्हणजे माझे पाते टेबलावर टेकलेले! पात्याची धार अशाने जाते, हे यांना कोणत्या भाषेत सांगायचे? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शिवाय प्रत्येक दहानंतर भांडण. "तुझे अकरा झाले!" "मधला धरायचा नाही, तो हवेतच गेला!" संध्याकाळी माझ्या फटीत इतके सालपट अडकले होते की मला श्वास घेववेना, आणि कुणी साफ केले नाही.

बुधवारी शाळेचा शिपाई हेलगे शिडी घेऊन आला. नवी पेटी करताना माप घ्यावे आणि जुनी साफही करावी, म्हणून बर्चच्या झाडावरची मागच्या वर्षीची पेटी त्याने खाली काढली आणि माझ्या शेजारी टेबलावर आणून ठेवली.

"जड का लागतेय ही?" तो म्हणाला. "सामान ठेवून गेल्या की काय मैनाबाई?"

मुले हसली. हेलगेने खालची फळी उघडली. वाळलेले गवत पडले, पिसे पडली, आणि मग चार पिल्ले पडली. पूर्ण पिसे आलेली, पंख भरलेली, वाळून आक्रसलेली चार पिल्ले.

"झोपलीत?" विदारने विचारले. 

मायकेन भिंतीपाशी गेली. चित्राच्या चारही कोपऱ्यांच्या टाचण्या तिने काढल्या, कागदाची घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्या पोरीची दया आली, आणि मला दया येणे सोपे नाही.

पिल्लांना कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवून बर्चखाली पुरले. दोन काटक्यांचा क्रूस केला. विदारने भाषण केले, ते खिडकीतून मला ऐकू आले. "तुम्ही चांगली असणार. आमची ओळख झाली नाही. सॉरी."

इथवर ठीक होते. नंतर वर्गात सगळे गोल करून बसले आणि पिल्ले कशाने मेली यावर प्रत्येकाला बोलायची पाळी मिळाली. थंडीने, मांजराने. मांजर त्या भोकातून शिरणार कसे, हे एकीने विचारले, तर मांजर लहान असेल, असे उत्तर आले. शेवटी टोर्स्टेनने हात वर करायला सांगितले. थंडीला बारा मते, मांजराला आठ. मांजराला आठ मते, मित्रांनो! मला कपाळ असते तर मी ते बडवून घेतले असते.

"मायकेन, तुझं मत राहिलं," टोर्स्टेन म्हणाला.

"मतानं कसं ठरेल?" ती म्हणाली. "ती एकाच कशानं तरी मेली ना? आणि जूनमध्ये कसली थंडी?"

"प्रत्येकाचं म्हणणं महत्त्वाचं असतं, मायकेन."

"पिल्लांचं म्हणणं कुणी विचारलं?"

टोर्स्टेनने फळ्यावर 'थंडी' लिहून खाली रेघ ओढली. मायकेनने रिकामी पेटी उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

गुरुवारी यांच्या जेवणात वाटाण्याचे सूप आणि नंतर जॅम लावलेले पॅनकेक असतात. म्हणजे दुपारी माझ्या मुठीला काय काय लागले असेल, ते तुम्हीच ओळखा. तशाच चिकट हातांनी यादीतल्या बाराव्या मुलीने आपले दहा पुरे केले. टोर्स्टेनने फळीवरून हात फिरवला. "वा! काचेसारखी!"

एवढ्या वैतागातही मी फुललो. नाही म्हणणार नाही.

"आणि आम्ही?" उरलेल्या नऊ जणांनी कुरकुर सुरू केली. "आमची पाळी बुडाली का?"

"कुणाची पाळी बुडणार नाही," टोर्स्टेन म्हणाला. "मागच्या वर्षीसारखंच करू." आणि त्याने फळी उलटी केली.

विदारने झडप घालून मला उचलले. एक. दोन. तेवढ्यात खिडकीपासून आवाज आला.

"थांब, विदार!"

मायकेन जुनी पेटी डोळ्यांसमोर धरून उभी होती. हेलगे कोपऱ्यात बसून गरम पाण्याचा नळ दुरुस्त करत होता, त्याची विजेरी तिने घेतली होती आणि पेटीच्या आत उजेड पाडला होता.

"माझे दोनच झालेत!" विदार ओरडला. "आठ बाकी आहेत!"

"रंधा खाली ठेव म्हणते ना! इकडे या सगळे. आत बघा. भोकाच्या खाली."

एकवीस डोकी त्या पेटीभोवती जमली, त्यामुळे कुणालाच काही दिसेना. मग पाळीपाळीने पाहणे झाले. इथेही यादी करायला निघाले होते, पण मायकेनने तिकडे लक्षच दिले नाही.

"ओरखडे आहेत बारीक," विदार म्हणाला.

"किती वरपर्यंत?"

"बोटभर. त्याच्या वर काही नाही."

"म्हणजे ती चढत होती," मायकेन म्हणाली. "आणि घसरत होती."

तिने विदारचा हात धरला आणि त्याची नखे नव्या फळीच्या त्या भागावर टेकवली, जिथे मी अजून पोचलो नव्हतो. "ओढ." नखे खरखरीत लाकडात अडकली. मग तिने फळी उलटवून तीच नखे माझ्या काचेवर टेकवली. "आता ओढ." नखे सर्रकन खाली आली. 

"माझ्या लाकडाच्या शेडवर एक पेटी आहे," हेलगे कोपऱ्यातून म्हणाला. "त्यातनं दरवर्षी उडतात बुवा. पोरंबाळं घेऊन सगळी."

"तू आतून काय करतोस तिला?" टोर्स्टेनने विचारले.

"काही नाही. करवतीनं कापलेली फळी तशीच ठोकतो. आतून कोण बघतंय? आळस, दुसरं काय."

टोर्स्टेन टेबलाच्या कडेवर बसला. तो खुर्च्या-टेबलांचा माणूस; त्याच्या सगळ्या आयुष्यात लाकूड जितके गुळगुळीत तितके चांगले.

"मागच्या वर्षी आतली बाजू माझ्यासाठी केली," मायकेन म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की सगळे पुढे झुकले. "मी रडले म्हणून. शेवटचे दहा माझे होते."

"मायकेन." टोर्स्टेन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "फळी मी उलटी केली. तू नऊ वर्षांची होतीस, मी पंचावन्नचा. विचार मी करायला हवा होता. कळलं?"

तिने मान हलवली, पण डोळे पुसायला तिला वेळ लागला.

माझ्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवले नाही. रंध्याला कोण दोष देणार? पण ती चार पिल्ले ज्या भिंतीवरून घसरली, तिचा प्रत्येक तसू माझ्या पात्याखालून गेला होता. पोरे मला नीट धरत नाहीत, पोरांना काही कळत नाही, असे मी चार दिवस बडबडत होतो. ज्या कामावर मी एवढा फुशारलो, त्याच कामाने ती पिल्ले आत कोंडून मारली. मला फार वाईट वाटले. अजूनही वाटते.

पण या वर्गात दुःखालाही कुणी धड बसू देत नाही.

"मग आमच्या पाळीचं काय?" एक मुलगी म्हणाली.

"माझं नाव खोडा यादीतनं," मायकेन म्हणाली. "मला पाळी नको."

"पण आम्ही आठ जण? हा अन्याय आहे!" विदार.

अन्याय! चार पिल्लांना पुरून एक दिवस झाला नव्हता आणि याला आठ फटके कमी पडले होते! मी त्याच्या पायावर पडायच्या बेतात होतो. मायकेन मात्र शांत होती.

"तुम्ही पायऱ्या करा," ती म्हणाली. "भोकाच्या खाली, आतून. पटाशीनं आडव्या खाचा. एकेकानं एक."

आठही जणांचे डोळे चमकले. खाचा पाडणे हे रंधा मारण्यापेक्षा कितीतरी भारी काम आहे, हे त्यांना लगेच पटले. आणि मग अर्थातच, ज्यांचा रंधा मारून झाला होता ते बारा जण ओरडू लागले. "आम्हाला पण खाचा हव्यात! यांना का म्हणून?"

सगळ्यांनी टोर्स्टेनकडे पाहिले. मीही पाहिले. आता हा वीस खाचा पाडू देणार आणि फळीची चाळण होणार, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

"नाही," टोर्स्टेन म्हणाला.

मुलांना वाटले, आपण नीट ऐकले नाही.

"नाही. आज सारखी वाटणी नाही. पिल्लांना आठ पायऱ्या पुरतात. ज्यांना राग यायचा त्यांना खुशाल येऊ दे."

काही जणांना राग आला. एक मुलगा तर खुंट्यांखाली जाऊन बसला. टोर्स्टेनचा चेहरा ओढल्यासारखा झाला, तो दोनदा त्या मुलाकडे वळला आणि दोनदा परत फिरला. पण त्याने शब्द बदलला नाही. आठ जणांनी आठ खाचा पाडल्या, वेड्यावाकड्या, एक तर फारच तिरकी. प्रत्येक खाच झाली की मायकेन नख लावून बघे. "अडकतं," ती म्हणे. "पुढचा."

शुक्रवारी फळी कापून पेटी ठोकली आणि हेलगेने ती बर्चवर चढवली. गारठ्यात, पाऊस आणि बर्फ एकत्र पडत असताना, शिडी कुणी धरायची यावरून भांडण झाले. मी मांडणीवर पडून ते ऐकत होतो आणि आठवडा संपल्याबद्दल देवाचे आभार मानत होतो.

एप्रिलच्या मध्याला मैना आल्या. जूनमध्ये शाळा संपायच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, भोकातून एक पिवळी चोच बाहेर आली. सगळा वर्ग माझ्या खोलीच्या खिडकीला चिकटला. पिल्लाने कडेवर नखे रोवली, इकडेतिकडे पाहिले आणि स्वतःला हवेत झोकून दिले. मुलांनी असा आरडाओरडा केला की माझे पाते थरथरले. बुधवारपर्यंत आणखी तीन उडाली. चार झाली आणि बाकीची मुले खेळायला गेली.

मायकेन गेली नाही. "अजून एक आहे आत," ती म्हणाली. "ओरडतंय."

गुरुवारी ती जेवायलाही उठली नाही. आई मैना सायकलींच्या छपरावर चोचीत किडा धरून बसली होती आणि पेटीकडे बघून हाका मारत होती, पण किडा घेऊन जवळ काही येत नव्हती; खायचे तर बाहेर ये, असे तिचे म्हणणे. विदार आला, त्याने हातातच आणलेला पॅनकेक तिच्या पुढ्यात ठेवला आणि तोही खिडकीशी उभा राहिला. 

"पोचेल का गं?" बऱ्याच वेळाने त्याने विचारले.

"शूऽ."

भोकात आधी काहीच दिसले नाही. मग एक नखी कडेवर आली. मग ती घसरून नाहीशी झाली. मायकेनने विदारचा दंड इतका जोरात धरला की तो कळवळला. नखी पुन्हा आली, मग दुसरी, मग सगळ्यांत लहान, पिसे विस्कटलेले डोके. ते पिल्लू उडाले असे मी म्हणणार नाही. ते धपकन खालच्या झुडपात पडले. मग झुडूप हलले आणि ते छपरावर, आईजवळ जाऊन बसले.

मायकेन तिथेच जमिनीवर बसली आणि रडू लागली. विदारला काय करावे ते कळेना, म्हणून त्याने तिला पॅनकेक भरवला.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, माझ्या पात्याला तेल लावा, काम झाले की माझ्या फटीतले सालपट काढा आणि जेवणानंतर हात धुवून मगच मला धरा. हे मी सांगणारच. दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही. पण यावर्षी आणखी एक विनंती आहे. मला उचलण्याआधी त्या लाकडाच्या आत कोण राहणार आहे, ते विचारा. त्याला नखे रोवायला जागा लागणार असेल, तर मला मांडणीवरच राहू द्या. मी कुरकुर करीन, माझी पाळी बुडाली म्हणून ओरडेन. माझे अजिबात ऐकू नका.